तक्रार कोणाची

इरावतीने पडद्यावरच्या यादीतला एक भाडेकरू निवडला, तो काढून टाकण्याची आज्ञा लिहिली आणि एंटरवर बोट ठेवून वर्गाकडे पाहिलं.

"किती नोंदी जातील?"

"एक," दोघं-तिघं म्हणाले.

"नक्की?"

पुढच्या रांगेतली शार्लीन हसली. "एकाच माणसाला काढतोय ना आपण? मग एकच."

इरावतीने एंटर दाबलं. काम झाल्याची हिरवी खूण तेवढी उमटली. मग तिने शेजारची दुसरी विंडो मोठी केली. डेटाबेसकडे प्रत्यक्षात काय गेलं, ते त्यात दिसत होतं. ओळी खालून वर सरकू लागल्या आणि सरकतच राहिल्या. भाडेकरार गेला. दुरुस्तीच्या भेटी गेल्या. तक्रारी गेल्या. तक्रारींना जोडलेले फोटो गेले, फोटोंखालच्या टिपा गेल्या. सगळ्यात शेवटी, मागची आवराआवर करून दार ओढून घ्यावं तसा, तो भाडेकरू गेला.

वर्ग पडद्याकडे पाहतच राहिला. तिला हेच हवं होतं. ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग शिकवायची तिची रीतच ती होती. प्रोग्रामरने आपल्या सोयीच्या भाषेत बोलायचं, आणि मधल्या थराने ते डेटाबेसच्या तक्त्यांना कळेल अशा भाषेत पोचवायचं, थोडक्यात, दुभाषा. दुभाषा कितीही हुशार असला तरी आपल्या नावावर तो काय बोलतो ते एकदा कान देऊन ऐकावं, असं ती प्रत्येक वर्गात सांगायची. सांगून कोणाला पटत नाही, म्हणून असं एखाद्याला उडवून दाखवायची.

एरवी ती हे लुटुपुटीच्या उदाहरणावर करायची. या वेळी मात्र तिने हट्टाने कंपनीचाच कोड मागून घेतला होता. लेस्टरमधली ही कंपनी हाउसिंग असोसिएशन्ससाठी, म्हणजे कमी भाड्याने घरं देणाऱ्या संस्थांसाठी, सॉफ्टवेअर बनवायची. कुठल्या घरात कोण राहतं, कुणाचा नळ गळतो, कुणाच्या भिंतीला ओल आली, सगळं त्यात. वर्गासाठी दिलेल्या प्रतीत माणसांची नावं बदललेली होती, पण कोड जसाच्या तसा.

"हे फक्त या कॉपीत होतं," शार्लीनने विचारलं, "की खऱ्या सिस्टीममध्येही?"

"कोड तोच आहे."

शार्लीनने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. चाळिशी ओलांडलेली ही बाई वर्गात सगळ्यांत मोठी. आधी एका हाउसिंग असोसिएशनच्या हेल्पलाइनवर फोन घ्यायची, मग रात्रशाळेत प्रोग्रामिंग शिकून इकडे आली होती.

"एक बाई फोन करायची," ती म्हणाली. "मुलाला सारखा खोकला, म्हणून तिने घर सोडलं होतं. भिंतीला काळी बुरशी होती. तिने त्याबद्दल तक्रारी केल्या होत्या, त्याचा पुरावा तिला हवा होता. मी याच सिस्टीमच्या स्क्रीनवर बघायचे आणि सांगायचे, आमच्याकडे तुमची एकही तक्रार नाही. परत परत फोन करायची ती. मी दर वेळी तेच सांगितलं. अगदी गोड आवाजात." तिने पेन खाली ठेवलं. "मला वाटायचं, ती खोटं बोलतेय."

तिच्या मागे बसलेला अपूर्व पडद्यावरच्या त्या ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचत होता. इरावतीने वर पाहिलं, तर काचेच्या भिंतीपलीकडे कुश उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

---

कुश या टीमचा मॅनेजर, आणि इरावतीच्या मैत्रिणीचा, मंजिरीचा मुलगा. जन्म, शाळा, सगळं इथलंच, इंग्लंडातलं. हे काम इरावतीला मिळालं होतं ते त्याच्यामुळे. पूर्वी तिच्या वर्षभराच्या तारखा आधीच ठरलेल्या असायच्या. वॉटफर्डच्या घरी ती पाहुणीसारखी राहायची. आता लोक व्हिडिओ बघून शिकत, नाहीतर कोड मशीनकडूनच लिहून घेत. तारखा ओस पडल्या होत्या. तेव्हा कुशने तिचं नाव पुढे केलं, हे ती विसरलेली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत त्याने तिला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. तिच्यासाठी व्हेज सँडविच आणून ठेवलं होतं.

"मावशी, तुमचा ट्रेनिंग सगळ्यांना खूप आवडतोय," तो म्हणाला. "रिअली. पण तो फाईल सोडून द्या ना, प्लीज."

"कुठली?"

"टेनन्सीवाला. भाडेकरूंचा. तुम्हाला माहितेय."

"त्यात चूक आहे, कुश."

"चूक नाहीये. डिझाइन आहे. क्लायंटला तसंच हवं होतं. माणूस गेला की त्याचा डेटा पण गेला. प्रायव्हसीसाठी पण ते बरं असतं."

"मग भाडेकरूवर काढलेल्या नोटिसा कशा राहतात? मी पाहिलं. त्याने मालकाविरुद्ध केलेल्या तक्रारी जातात, आणि मालकाने त्याला दिलेल्या ताकिदी तेवढ्या राहतात. त्यांना नको का प्रायव्हसी?"

कुशने सँडविचच्या रिकाम्या खोक्याची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी.

"मी नाही केलं ते. मी यायच्या आधीपासून आहे."

"मग काढायला तुला अडचण नाही."

"मावशी, त्यांच्या कॉन्ट्रॅक्टचा रिन्यूअल आहे आत्ता. या महिन्यात. मी त्यांना जाऊन काय सांगू, की आमच्या ट्रेनिंग क्लासने तुमचा सिस्टीम बदलला?" तो थांबला. त्याचा आवाज खाली आला. "मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. स्प्रिंगमध्ये अजून बॅचेस आहेत. मला तुमचंच नाव द्यायचंय. तुमच्या स्लाइड्समध्ये ते लायब्ररीचं उदाहरण आहे ना? लेखक, पुस्तक. ते करा. कोणाला काही प्रॉब्लेम नाही."

इरावतीने सँडविच अर्धं खाल्लं होतं. उरलेलं तिने कागदात नीट गुंडाळून पिशवीत टाकलं.

"लेखक आणि पुस्तकं मी वर्षानुवर्षं शिकवतेय," ती म्हणाली. "मुलं छान शिकतात, सर्टिफिकिटं घेतात, आणि कामावर येऊन हे असं लिहितात. दुपारी मला मालकी शिकवायची आहे, कुठली नोंद कोणाच्या मालकीची ते. मी तीच फाईल उघडणार आहे."

"मावशी."

"सँडविच चांगलं होतं."

---

दुपारी तिने ती फाईल उघडली. तासभर वर्ग रंगला. एक नोंद गेली की तिच्यामागे आणखी कोणी जायचं, हे ठरवणारी ओळ तिने दाखवली. ती लिहिणाऱ्याने दुष्टपणाने लिहिली असेल असं नाही, घाईतही लिहिली असेल, पण ती रोज चालते आहे, हेही सांगितलं. चहानंतर परत येऊन तिने माउस हलवला, तर पडद्यावर 'परवानगी नाही' असं आलं. तिला दिलेल्या पाहुण्या लॉगिनला तेवढी एक फाईल बंद करण्यात आली होती.

तिने प्रोजेक्टर बंद केला. मार्कर उचलला आणि पांढऱ्या फळ्यावर आठवणीतून सगळं काढलं, चौकटी काय, बाण काय. मार्कर जरा दाबूनच फिरवला, म्हणून बाण जास्तच ठसठशीत आले.

"फाईल बंद करता येते," ती वर्गाला म्हणाली. "तुम्ही बघितलंय ते बंद करता येत नाही."

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपण केलेला एक छोटा बदल कुशसमोर चालवून दाखवायचा, असं आधीच ठरलेलं होतं. कोणी काय दाखवायचं, ते तिने त्यांच्यावर सोडलं. शार्लीन निघताना फळ्यासमोर थांबली आणि फोनने त्याचा फोटो काढून घेतला. ही करणार, इरावतीने मनाशी म्हटलं.

अपूर्व मात्र कोट चढवत रेंगाळला. नागपूरचा मुलगा, वर्क व्हिसावर आलेला. बायको चैत्राली गरोदर होती; तिचे आईवडील यायचे होते. वर्गात तो फारसा बोलायचा नाही. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाला, ताई म्हण असं सांगितल्यापासून ताई म्हणायचा.

"ताई, ते तक्रारीचं मी करून पाहू का?"

इरावतीने आजूबाजूला पाहिलं. "तू नको."

"का?"

"तुझ्या व्हिसाची स्पॉन्सरशिप यांच्या हातात आहे. उद्या कोणाच्या डोळ्यांत खुपलास, तर थोड्या दिवसांत दुसरी नोकरी शोध, नाहीतर चंबूगबाळं आवर. चैत्रालीचे दिवस भरत आलेत. तू लायब्ररीवालं कर. मी तुझ्या भल्यासाठी सांगतेय."

"हो, ताई," अपूर्व म्हणाला आणि बॅगेची चेन लावत राहिला. ती अडकत होती. त्याने ओढून लावली.

---

ट्रेनिंगपुरती ती मंजिरीकडे उतरली होती. पुण्यात कॉलेजपासूनची मैत्री. पुढे एक लेस्टरला स्थिरावली, एक वॉटफर्डला. संध्याकाळी इरावती घरात आली तेव्हा मंजिरी तव्यासमोर उभी होती आणि तिने मागे वळून पाहिलं नाही. एवढ्यावरून इरावतीला कळलं.

"कुशचा फोन आला होता?"

"आला होता." मंजिरीने फुलका उलटला. "इतक्या वर्षांनी त्याला टीम मिळालीय, इरा. मोठ्या साहेबांच्या खोलीत बसायला मिळतंय. तुला माहितेय का, तो घरी येऊन किती वेळ गाडीतच बसून राहतो? आत येववत नाही त्याला. आणि तू त्याच्या माणसांसमोर त्यालाच तोंडघशी पाडतेस."

"मी त्याच्याबद्दल एक अक्षर बोलले नाही."

"त्याने तुझं नाव दिलं होतं."

"माहितेय मला."

मंजिरीने तिचं ताट वाढलं. फ्लॉवरची भाजी, वरणभात, लिंबाची फोड. दोघी समोरासमोर बसल्या. इरावतीने भातावर लिंबू पिळलं, पण भात कालवला नाही.

"एजवेअरच्या त्या तुझ्या पहिल्या फ्लॅटमध्ये," ती म्हणाली, "कुश तान्हा होता तेव्हा. पाळण्यामागची भिंत काळी पडायची. तू पुसायचीस, आठवड्याने परत."

"ते कुठे काढतेस आता?"

"घरमालकाला किती वेळा सांगितलंस?"

"शंभरदा. ऐकलं का मेल्याने?"

"नाही ऐकलं. पण तू सांगितलंच नव्हतंस, असं तरी तो म्हणाला नाही."

मंजिरीने घास घेतला. मग उठून तिने फ्रिजमधून दही काढलं आणि इरावतीच्या ताटात वाढलं, काही न विचारता. त्या विषयावर त्या दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. पण झोपायला जाताना मंजिरी दारात थांबली.

"तो वाईट नाहीये, इरा."

"मी कुठे म्हणतेय?" इरावती म्हणाली.

---

शेवटच्या दिवशी कुश वेळेवर आला आणि दाराजवळ मागे बसला. लॅपटॉप उघडला नाही, हाताची घडी घातली. एकेक जण पुढे येऊ लागला. पहिल्याने लायब्ररी दाखवली. दुसऱ्यानेही. लेखक जोडले जात होते, पुस्तकं सापडत होती, सगळं चोख चालत होतं. कुश मान हलवत होता. इरावती फळ्याशी उभी राहून सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारत होती.

शार्लीन उठली. इरावतीचा हात नकळत फळ्याच्या कडेवर गेला.

शार्लीननेही लायब्ररी दाखवली. नीट दाखवली, भरभर बोलली, कोणाकडे पाहिलं नाही. जागेवर परत येताना तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. इरावतीने तिला नेहमीसारखं "छान" म्हटलं, आणि ते तिने मनापासून म्हटलं. बाईने चाळिशीनंतर धडपडून मिळवलेली नोकरी होती. शेवटी आपणच उभं राहून ती चूक दाखवायची, हे इरावतीने रात्रीच ठरवलं होतं. आपल्या लॅपटॉपवर तिने तयारीही करून ठेवली होती, कंपनीचा कोड न घेता, पण कळेल अशी.

"अपूर्व," तिने पुकारलं.

अपूर्वने केबल जोडली. पडद्यावर टेनन्सीची फाईल उघडली.

कुशची हाताची घडी सुटली.

"माझं जरा मोठं झालंय," अपूर्व त्याच्या संथ, मोजक्या इंग्रजीत म्हणाला. "मी आधी फक्त ती ओळ काढून टाकणार होतो. पण मग तक्रारी नुसत्या लोंबकळत राहतात, कोणाच्याच नसल्यासारख्या. मला वाटतं, ती ओळ ही खरी चूक नाहीच. आपण तक्रार भाडेकरूच्या मालकीची ठेवलीय, चूक तिथे आहे. भाडेकरू जातो. भिंत तिथेच असते. म्हणून मी तक्रार घराला जोडली."

त्याने भाडेकरू काढला. शेजारच्या विंडोत मोजक्या ओळी आल्या आणि थांबल्या. मग त्याने ते घर उघडलं. तक्रारी तिथे होत्या. फोटो होते, फोटोंखालच्या टिपा होत्या. तक्रारदाराचं नाव प्रायव्हसीसाठी झाकलेलं होतं. त्याच्या जागी 'पूर्वीचा भाडेकरू' एवढंच दिसत होतं.

हे इरावतीला सुचलं नव्हतं. तिच्या फळ्यावरच्या ठसठशीत बाणांत घर नावाची चौकट होती, पण तक्रारीपासून तिच्याकडे एकही बाण जात नव्हता.

"हे करायला तुला कोणी सांगितलं?" कुशने विचारलं.

"कोणी नाही. करू नकोस असंच सांगितलं होतं."

कुशने इरावतीकडे पाहिलं. तुझ्या भल्यासाठी. हे शब्द आपण कुणाकडून उचलले आणि कुणाला दिले, ते इरावतीला त्या नजरेखाली उभं असताना उमगलं. तिने मार्करचं टोपण घट्ट लावलं.

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्याने ऐकलं नाही ते बरं झालं."

"ओके," कुश उठला. "गुड वर्क. हे आपण नंतर बघू."

अपूर्वने लॅपटॉप मिटला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आवाज होता तसाच राहिला, कोणाला रस्ता विचारावा इतका सौम्य.

"शुक्रवारी नवीन व्हर्जन जाणार आहे. नंतर म्हणजे त्याच्या आधी ना?"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शार्लीन आपली खुर्ची ओढत पुढे आणत होती. ती तिने अपूर्वच्या शेजारी लावली आणि वर्गाकडे पाठ करून पडद्याकडे तोंड करून बसली.

"ज्या आधीच गेल्या आहेत, त्यांचं काय?" तिने विचारलं. "ती बाई. तिच्यासारख्या बाकीच्या."

"बॅकअपमध्ये आहेत," अपूर्व म्हणाला. "परत आणता येतील. पण आधी हे बदलायला हवं, नाहीतर आणलेल्या पुन्हा उडतील."

कुशचा हात दाराच्या मुठीवर होता. काचेपलीकडे कोणीतरी कॉफी घेऊन जाता जाता आत डोकावलं, आणि कुशने नकळत दुसऱ्या हाताने त्या माणसाला खूण केली. स्प्रिंगचं काम इरावतीला मिळणार नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. पुढे मिळालंही नाही. पण त्या वेळी ती त्याचा विचार करत नव्हती. ती कुशच्या हाताकडे पाहत होती.

तो मुठीवरून निघाला. कुशने जवळची खुर्ची उचलली, पडद्यापाशी नेली आणि शार्लीनच्या पलीकडे ठेवली.

"पहिल्यापासून दाखव," तो अपूर्वला म्हणाला. "सावकाश. क्लायंटने विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे."

अपूर्वने फाईल पुन्हा सुरुवातीला नेली. पडद्यासमोर आता दाटी झाली होती, आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या इरावतीची सावली पडद्याच्या कोपऱ्यावर पडत होती. ती बाजूला झाली. भिंतीकडेने मागे गेली. अपूर्वची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बसून तिने चष्मा चढवला आणि तो काय सांगतो ते ऐकू लागली.